गोधडी कोणाची?

मनुष्य आपल्या हातांनीं जें कांहीं करितो तें केवळ त्याचेंच असतें काय, हा प्रश्न विद्वानांनीं मोठमोठ्या ग्रंथांत चर्चिला आहे. परंतु खेड्यांतील अंगणांत पसरलेल्या एका गोधडीकडे पाहिलें म्हणजे तोच प्रश्न अगदीं साध्या रूपानें आपल्यापुढें उभा राहतो. कापड एका घरचें, रंगांची मांडणी एका बाईच्या मनांतली, आणि टांके मात्र चार शेजारणींचे. मग ती गोधडी कोणाची? जी पांघरील तिची, जिनें मांडली तिची, कीं ज्यांनीं शिवली त्यांची? प्रश्न लहान दिसतो. तरी त्याच्या उत्तरावर शेजारधर्माचा मोठा भाग अवलंबून आहे. म्हणून वाचकांनीं त्याचा शांतपणें विचार करावा अशी विनंति आहे.

प्रथम ती तयार कशी होते तें पाहूं. आमचें माकणी गांव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत, तेरणा नदीच्या कांठीं आहे; निम्न तेरणा धरणामुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक आहे. कर्नाटकाची हद्द येथून फारशी लांब नाहीं. म्हणून ज्या वस्तूला आपण गोधडी किंवा वाकळ म्हणतों तिलाच कानडी मुलुखांतले सोयरे कौदी म्हणतात. रबीची ज्वारी खळ्यांतून घरीं आली आणि पावसाळ्याला अजून अवकाश असला म्हणजे स्त्रियांच्या हाताला थोडी सवड मिळते, व ती सवड पांघरुणें शिवण्याकडे लागते. जुनीं लुगडीं, धोतरें, मुलांचे सदरे धुऊन वाळवितात. ज्या कापडांत अजून बळ आहे तें वरच्या व खालच्या थराला जातें. जें विरलें आहे तें मधल्या थरांत जातें, व आंत राहून ऊब देतें. सारवलेल्या जमिनीवर थर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवितात, कच्च्या टांक्यांनीं थर एकमेकांस बांधितात, आणि मग धावदोऱ्याच्या रांगा सुरू होतात. एकटी बाई एकाच बाजूनें शिवीत गेली तर थर सरकतात व कापडाला झोळ पडतो. चौघी चार बाजूंस बसल्या म्हणजे ताण सर्वत्र सारखा राहतो. तेव्हां शेजारीण केवळ गप्पांसाठीं बोलाविली जाते असें नाहीं. कामाचीच तशी मागणी असते.

येथें कोणी म्हणेल कीं, टांके घालणें हें हातांचें काम. खरी कला रंगांच्या मांडणींत आहे, आणि मांडणी तर एकटीच बाई करिते. लाल पट्टीशेजारीं हिरवी घ्यावी कीं काळी, जरीचा काठ मधोमध ठेवावा कीं कडेला, हें चौघींनीं मिळून ठरत नाहीं. तेव्हां प्रेरणा एकटीची, आणि समुदाय फक्त मदतनीस, असें मानावयास काय हरकत आहे?

या आक्षेपाचें उत्तर देण्यास दूर देशचें एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणांत जीज बेंड नांवाचें खेडें आहे. तेथील रहिवासी कापसाच्या मळ्यांत राबविल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. घरें लाकडी, फटींतून वारा येणारीं, व दारिद्र्य पुष्कळ. म्हणून शेतांत झिजलेले कपडे, पिठाचीं पोतीं, जें हातीं लागेल तें जोडून स्त्रिया पांघरुणें करीत. त्यांची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. वरच्या थराची जोडणी बहुधा प्रत्येक बाई आपल्या घरीं एकटी करी. परंतु थर एकत्र शिवण्याची वेळ आली म्हणजे शेजारणी जमत, व एकीचें झालें कीं दुसरीचें हातीं घेत. पुढें तीं पांघरुणें उन्हाला दोरीवर टाकलीं जात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या स्त्रिया तीं डोळे भरून पाहत. ज्या बाईनें शेजारणीच्या दोरीवर निळ्या पट्ट्यांची आडवी ओळ पाहिली, ती घरीं जाऊन तशीच ओळ काढील असें नाहीं. ती कदाचित् उभी ओळ काढील. पण ती ओळ तिच्या मनांत आली ती पाहिल्यामुळेंच. २००२ सालीं हीं पांघरुणें ह्यूस्टन येथील व नंतर न्यू यॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडलीं गेलीं, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें त्यांच्या चित्रांचीं तिकिटें काढलीं. चित्रकलेच्या शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या स्त्रियांना हा डोळा कोणी दिला? आईनें, मावशीनें, शेजारच्या दोरीनें.

इतक्या दूर न जातांहि हेंच दिसेल. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वजहि आफ्रिकेंतून गुलाम म्हणून इकडे आणले गेले होते. त्यांच्यांत हिंदु आहेत, मुसलमान आहेत, रोमन कॅथोलिकहि आहेत. पांघरूण शिवण्याची रीत मात्र तिघांची एकच: कडेपासून आरंभ करून तुकडे लावीत लावीत मध्यभागाकडे जावयाचें, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचीं लहान फुलें बसवावयाचीं. फुलांवांचून पांघरूण उघडें दिसतें असें त्या म्हणतात. कोणी त्यांत क्रूस घालिते, कोणी चंद्रकोर; कोणाचे रंग भडक, कोणाचे सौम्य. रीत सर्वांची असून हात ज्याचा त्याचा ओळखूं येतो. यावरून दिसतें कीं, समुदाय आणि स्वतंत्र बुद्धि हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. भाषा आपण सर्वांकडून शिकतों, म्हणून आपलें बोलणें उसनें ठरत नाहीं. तसेंच हें आहे. ज्या मुलाशीं कोणी बोललेंच नाहीं तें मूल मोठा वक्ता होत नाहीं. तें मुकें राहतें.

ही झाली डोळ्याची गोष्ट. समुदाय दुसरी एक गोष्ट देतो, ती म्हणजे धीर. आणि तिचें महत्त्व आमच्या भागाइतकें कोणास ठाऊक असेल? ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपानें किल्लारी, सास्तूर व आसपासचा मुलूख उद्ध्वस्त केला. दगडमातीच्या जाड भिंतींचीं, माळवदाचीं घरें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारों जीव गेले. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. नवीं घरें जुन्यांहून भक्कम झालीं, रस्ते रुंद व सरळ झाले, घराघरांत मोकळी जागा राहिली. तें सर्व जिवाच्या रक्षणासाठीं योग्यच होतें. परंतु जुन्या गांवांत एका ओसरीवरून हांक मारली तर तीन घरांत ऐकूं जात असे. नव्या गांवांत दार उघडून रस्ता ओलांडावा लागतो, आणि जुन्या आळीची शेजारीण कधीं कधीं वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडते. ज्या बाईच्या पेटींत गेलेल्या माणसाचें धोतर किंवा लेकीचा परकर उरला असेल, तिनें तो कातरून गोधडींत घालावा कीं तसाच जपून ठेवावा, हा निर्णय घरांत एकटीनें करणें फार कठीण असतें. चौघींच्या मध्यें बसून ती कात्री चालवूं शकते. कोणी कांहीं बोललेंच पाहिजे असें नाहीं; हात चालूं असतात, व डोळे कामावर असल्यामुळें रडण्यालाहि आडोसा मिळतो. समोरासमोर बसून दुःख विचारलें तर जी बाई गप्प राहते ती शेजारीं बसून शिवतां शिवतां आपण होऊन सांगते. सांत्वन करावयास जाणाऱ्या आमच्या उपदेशकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मोडलेली संगती पुन्हां जोडतां येते काय? येते, असें याच जिल्ह्यानें दाखविलें आहे. भूकंपानंतरच्या पुनर्वसनांत स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्यानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गांवांत स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलें गेलें. घराची दुरुस्ती कशी करावी, भिंतीला बळकटी कशी आणावी, सरकारी मदत कशी मिळते, हें त्यांनीं शेजाऱ्यांस समजावून द्यावयाचें होतें. ज्या स्त्रिया पूर्वी चावडीपुढून डोक्यावरचा पदर सांवरून जात, त्या सभेंत उभ्या राहून बोलूं लागल्या. पुढें गांवोगांवीं बचत गट वाढले. हें काम शिवणाचें नव्हतें हें खरें. परंतु त्याचें तत्त्व तेंच होतें: नेमकें असें एक काम मध्यें ठेवावयाचें, आणि त्याच्या भोवतीं माणसें बसवावयाचीं. नुसतें ‘एकत्र या’ असें म्हणून माणसें एकत्र येत नाहींत. मध्यें कांहीं पसरलेलें असावें लागतें.

आतां तिसऱ्या व अधिक नाजूक गोष्टीकडे वळूं. ती म्हणजे देणें-घेणें. शेतकऱ्यांत सावडीची चाल आहे: आज मी तुझ्या शेतांत, उद्यां तूं माझ्या. गोधडीलाहि तोच नियम. अमेरिकेंत जुन्या काळीं शेजारणींच्या अशा मेळाव्याला ‘क्विल्टिंग बी’ म्हणत. तीहि एक प्रकारची सावडच. सावडींत हिशेब असतो, पण तो कधीं पुरता फिटत नाहीं, आणि फिटूंहि नये. तिनें माझ्या गोधडीला दोन दुपारा दिल्या, मीं तिच्या सुनेच्या बाळंतपणांत चार रात्री काढल्या. आतां कोण कोणाचें ऋणी? हा गुंता सुटत नाहीं म्हणूनच संबंध टिकतो. ज्या दिवशीं मजुरी मोजून दिली त्या दिवशीं ऋण संपलें, व त्याबरोबर येण्याजाण्याचें एक कारणहि संपलें.

तर मग पैसा घेणें वाईट काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. कामकरी आपल्या वेतनास योग्य आहे, आणि गरीब बाईचे टांके फुकट घ्यावेत असा शेजारधर्म कोठेंहि सांगितलेला नाहीं. जीज बेंडच्या परिसरांत १९६६ सालीं एका एपिस्कोपल पाळकाच्या साहाय्यानें स्त्रियांनीं ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नांवाची सहकारी संस्था काढली. तो मोठ्या धैर्याचा काळ होता. मताचा हक्क मागितला म्हणून काळ्या लोकांच्या जमिनी व कामें जात होतीं. त्यांना नदीपलीकडच्या गांवीं नेणारी नाव १९६२ सालींच बंद झाली होती, व ती पुन्हां सुरू होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. अशा वेळीं पांघरुणांच्या विक्रीचा पैसा म्हणजे स्वाभिमानाचा घांस होता. इकडे सिद्दी स्त्रियांनींहि २००४ सालीं आपली सहकारी संस्था उभी केली. परंतु जीज बेंडचीं पांघरुणें जगप्रसिद्ध होऊन त्यांच्या नमुन्यांवर व्यापार चालूं लागला, तेव्हां २००७ सालीं तेथील कांहीं स्त्रियांना आपला योग्य वांटा मागण्यासाठीं न्यायालयांत जावें लागलें. पुढें तडजोड झाली. ‘गोधडी कोणाची?’ हाच प्रश्न तेथें वकिलांच्या तोंडून विचारला गेला. यावरून बोध असा कीं, जेथें पैसा येतो तेथें हिशेब आधींच, उघड व सर्वांसमक्ष असावा. ज्या वस्तूचें मोल होतें तें चोख द्यावें; आणि ज्याचें मोल होत नाहीं त्याचा भाव ठरवूं नये. बचत गटानें शंभर गोधड्या विकण्यास शिवाव्या. पण आजारी शेजारणीची एक गोधडी वहींत न लिहितां शिवावी. दोन्ही गोष्टी एकाच अंगणांत नांदूं शकतात, मात्र त्यांची सरमिसळ होऊं देऊं नये.

समुदायाची इतकी स्तुति केल्यावर त्याचे दोष लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चार स्त्रिया जमल्या कीं पांचवीची निंदा होते, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि पुरुषांच्या पारावर तरी दुसरें काय चालतें? वडीलधारी बाई नव्या सुनेचे टांके सर्वांदेखत उसवितें, आणि त्या अपमानानें पुष्कळ मुली पुन्हां सुई धरीत नाहींत. येथें शिवणाऱ्यांच्याच अनुभवांतला एक दृष्टांत आठवावा. प्रभु येशूनेंहि तो वापरला आहे. कोरें कापड जुन्याला ठिगळ म्हणून लावलें तर धुतल्यावर तें आटतें आणि जुन्याला ओढून फाडतें. म्हणून शहाणी बाई कोरा तुकडा आधीं भिजवून, वाळवून, मग लावते. तुकडा टाकून देत नाहीं. दुसऱ्या गांवाहून आलेली सून, शहरांतून परत आलेलें कुटुंब, मंडळींत नव्यानें आलेला मनुष्य, यांना कांहीं काळ द्यावा लागतो. तो काळ न देतां दोष देणें म्हणजे न भिजविलेल्या कापडावर फाटल्याचा आरोप करणें होय.

याहून मोठा दोष म्हणजे कोणाला बोलावलेंच न जाणें. खेड्यांत अंगण कोणाचें यावरून भोवतीं कोण बसेल हें ठरत आलें आहे. एका वस्तीची बाई दुसऱ्या वस्तीच्या गोधडीला हात लावीत नसे. आणि बाळाचें दुपटें शिवतांना विधवेचा हात नको, अशी समजूत कित्येक घरांतून अजून गेलेली नाहीं. ज्या टांक्यांनीं ऊब यावयाची ते टांके अशा रीतीनें कुंपणाचे टांके होतात. प्रेषितांच्या पुस्तकांत यापो गांवच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसेची, हकीकत आहे. ती मेली तेव्हां विधवा रडत पेत्राभोवतीं उभ्या राहिल्या, आणि ती त्यांच्याबरोबर असतांना तिनें केलेलीं वस्त्रें दाखवूं लागल्या. तिनें विधवांसाठीं वस्त्रें धाडलीं एवढेंच तेथें नाहीं. ती त्यांच्याबरोबर होती. दान दुरूनहि करितां येतें, परंतु संगती दुरून करितां येत नाहीं. ज्या अंगणांत विधवेचा हात अशुभ मानला जातो तें अंगण कितीहि सुंदर गोधड्या काढो, त्याला दुर्कसेचें अंगण म्हणतां येणार नाहीं.

आज ही चाल मावळत चालली आहे, आणि त्याचीं कारणें समजण्यास कठीण नाहींत. बाजारांत स्वस्त कांबळीं मिळतात. त्यांतील पुष्कळ पानिपतकडून येतात, आणि परदेशांतून आलेले जुने लोंकरी कपडे यंत्रांत पिंजून त्यांच्या सुतापासून तीं विणलेलीं असतात. म्हणजे तींहि एका अर्थीं जुनेऱ्याचींच. परंतु तें जुनेर कोणाचें होतें हें कोणास ठाऊक नसतें. सोलापूरची चादर तर जवळचीच, टिकाऊ व सुबक. घरचीं जुनीं लुगडीं बोहारीण घेऊन जाते आणि त्यांच्या बदल्यांत भांडें देते. शिवाय नव्या तऱ्हेचीं साडीचीं कापडें सुळसुळीत असल्यामुळें टांक्याला नीट बसत नाहींत. कामाला जाणाऱ्या बाईला दुपार मोकळी मिळत नाहीं. यांत कोणाचा अपराध नाहीं, आणि ज्याला थंडी वाजते त्यानें कांबळें विकत घेऊं नये असें सांगणें मूर्खपणाचें होईल. केवळ जुनें म्हणून जुनें राखणें हा धर्म नव्हे. परंतु बाजारानें पांघरुणाची गरज भागविली म्हणून त्याबरोबर जी दुसरी गरज भागत होती तीहि आपोआप भागली, असें समजूं नये. डोळा, धीर आणि न फिटणारें ऋण हीं तीन बाजारांत मिळत नाहींत. त्यांच्यासाठीं कोठें तरी, कसल्या तरी कामाभोवतीं, माणसांनीं बसलेंच पाहिजे.

तर मग गोधडी कोणाची? आमचें उत्तर असें. मांडणी जिची, तिला तिचें श्रेय नांवानें मिळावें. विकली गेली तर टांके घालणाऱ्या प्रत्येकीला तिचा वांटा मिळावा. आणि पांघरूण म्हणून ती ज्याला थंडी वाजते त्याची. परंतु ती शिवली जात असतांना तिच्या कडेला बसण्याचा हक्क सगळ्या गांवाचा आहे. तो हक्क कोणाला नाकारला गेला तर वस्तु तयार होईल, पण जें तिच्याबरोबर तयार व्हावयाचें तें होणार नाहीं.

यास्तव मंडळ्यांच्या वडिलांस व उपदेशकांस एक सूचना करावीशी वाटते, व ती अंमलांत आणण्यास पैका लागत नाहीं. येत्या उन्हाळ्यांत प्रत्येक गांवीं निदान एक गोधडी उघड्या अंगणांत पसरावी. कापड प्रत्येक घरानें एक एक तुकडा द्यावा. बायकांना बोलावतांना ज्या नेहमीं येतात त्यांच्यापासून आरंभ न करितां जिला आजवर कोणी बोलावलें नाहीं तिच्यापासून करावा. मग ती विधवा असो, दुसऱ्या वस्तीची असो, कीं नवी आलेली सून असो. शाळेंतल्या मुलींना, आणि मुलांनाहि, जवळ बसूं द्यावें, म्हणजे त्यांचा डोळा तयार होईल. शिवून झाल्यावर ती कोणाला द्यावयाची हें शिवणाऱ्यांनींच ठरवावें. आणि दोन दुपारांत काम उरकेल एवढ्याच कामाला चार दुपारा लागल्या तर कोणी घाई करूं नये.